एका भोकाचा फोटो

लोक लग्नाचे फोटो काढतात, वाघांचे काढतात, ताटातल्या जेवणाचेसुद्धा काढतात. मी मात्र राजुऱ्याला जाऊन आले ती जमिनीला पाडलेल्या एका भोकाचा फोटो काढायला. परत आल्यापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. ऐकणारा 'बरं, चंद्रपूरला गेलीस म्हणजे ताडोबा पाहिलं असशील' म्हणून विषय बदलायला बघतो. नाही पाहिलं. वेळच मिळाला नाही, आणि त्याचं मला काडीचंही दुःख नाही.

आधी भोकाचं सांगते. जमिनीखाली कोळसा कुठे आणि किती खोल आहे हे पाहायला पोकळ नळीनं खोलवर भोक पाडतात. नळीत अडकून दगडाचा मनगटाएवढा जाड दांडा तुकड्यातुकड्यांनी वर येतो. त्याला कोअर म्हणतात. हे तुकडे लांबट पत्र्याच्या पेट्यांत, पेटीतल्या खाचांमध्ये ओळीनं मांडून ठेवतात. माझं काम सॉफ्टवेअरचं. पुण्यात बसून दीड वर्ष मी एक प्रोग्रॅम लिहिला. पेटीचा वरून फोटो घ्यायचा, प्रोग्रॅम त्यातल्या ओळी कापतो, एकीखाली एक जोडतो, आणि वरच्या मातीपासून तळापर्यंतचं अख्खं भोक एका लांब पट्टीत स्क्रीनवर उभं राहतं. ऑफिसात मी तो विटांचे तुकडे आणि खडू मांडून तपासला होता. खरा कोअर मी उभ्या जन्मात हातात धरला नव्हता. निघताना ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही.

राजुरा, शुक्रवार

चंद्रपूरच्या बसस्टँडबाहेर सकाळी पोहे मागवले, तर गाडीवाल्यानं न विचारता त्यावर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतली. आमच्या सांगलीत पोह्यांवर खोबरं आणि कोथिंबीर. रस्सा ओतला तर लोक तुम्हाला आजारी समजतील. पहिला घास घेतला, नाकातून पाणी आलं, आणि दुसरी प्लेट मीच मागितली. तेव्हापासून घरी पोहे केले की मला ते कोरडे लागतात.

वर्धा नदी ओलांडून राजुऱ्याच्या बाहेर, कापसाच्या शेतांना लागून ती शेड होती. पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंना जाळी, आणि आत थप्प्या लावून ठेवलेल्या पेट्याच पेट्या. मी लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यासारखी आत शिरले. पेट्यांत करडा वाळूखडक होता, काळसर, पापुद्र्यापापुद्र्यांचा शेल होता, आणि मध्येच चकाकणारा कोळसा. त्याला हात लावून पाहिला तर बोटं काळी. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं जंगल माझ्या बोटांना लागलं होतं. मी तीच बोटं आनंदानं ओढणीला पुसली.

शेडमध्ये दोन माणसं भेटली आणि सगळा प्रवास या दोघांचाच झाला. एक सलीमभाऊ. चंद्रपूरचे, साठीकडे झुकलेले, गळ्यात चौकड्याचा रुमाल. भोक पाडणाऱ्या सहा जणांच्या टोळीचे ते प्रमुख. मला ज्या भोकाचा फोटो हवा होता ते यांच्याच टोळीनं पाडलेलं. आता ते पुढच्या कॅम्पला गडचिरोलीकडे निघण्याच्या बेतात होते. दुसऱ्या पंचशीलाबाई, शेड सांभाळणाऱ्या. पेट्या धुणं, तुकडे जुळवणं, कुठली पेटी कुठल्या थप्पीत ते लक्षात ठेवणं हे सगळं त्यांच्याकडे.

मी माझं सामान उलगडायला लागले. ॲल्युमिनियमचे चार पाय, वर आडवा दांडा, दांड्याला खाली तोंड केलेला कॅमेरा, दोन बाजूंना दिवे.

"मांडव बांधून राह्यल्या का ताई?" पंचशीलाबाईंनी विचारलं.

"कॅमेरा वर राहील, पेटी खाली सरकवायची. एका पेटीला एक मिनिट."

सलीमभाऊ इतका वेळ लांबून बघत होते. "अन् पेटी सरकवणार कोण, म्याडम?"

मी एका पेटीला हात घातला. ती हललीसुद्धा नाही. दगडांनी भरलेली पेटी दगडाइतकीच जड असते हे दीड वर्षात माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सलीमभाऊ हसले नाहीत. त्यांनी भोक पाडायच्या चार जुन्या नळ्या आणून कॅमेऱ्याखाली आडव्या टाकल्या आणि पेटी त्यांच्यावर ठेवून एका बोटानं ढकलली. ती गडगडत बरोबर मध्यावर येऊन थांबली. मी टाळ्या वाजवल्या. पुण्यात मी याच कामाला मोटरचा पट्टा लावायचं ठरवत होते.

दुसरी गंमत उन्हाची. छपराच्या पत्र्याला खिळ्यांची भोकं होती, त्यांतून उन्हाचे कवडसे पेट्यांवर पडत आणि फोटोत दगडांवर पांढरे ठिपके उमटत. पंचशीलाबाई म्हणाल्या, थांबा, आणि घरून एक गुंडाळी घेऊन आल्या. त्यांचे दीर देसाईगंजला, म्हणजे वडशाला, झाडीपट्टीच्या नाटकांचे मंच बांधतात; गेल्या हंगामातला एक भला मोठा फ्लेक्स त्यांनी दिलेला. आम्ही तो छताखाली ताणून बांधला. लाल शालूतली नायिका पेट्यांवर डोळे रोखून खाली बघू लागली, आणि पुढच्या फोटोत सगळा वाळूखडक गुलाबी आला. शालूचा रंग दगडांवर पडत होता. फ्लेक्स उलटा बांधला, पांढरी बाजू खाली आली, आणि उजेड असा मऊ, एकसारखा पसरला की माझ्या महागड्या दिव्यांना लाज वाटावी.

शनिवार

दिवसभर फोटो. पंचशीलाबाई पाणी मारत, सलीमभाऊंचा एक माणूस पेटी ढकलत असे, मी बटण दाबत असे. ओला दगड फोटोत रंग दाखवतो, म्हणून मी उत्साहात सगळ्याच पेट्यांवर फवारा धरणार होते. एका पेटीवर बाईंनी माझा हात धरला.

"याले नका मारू जी."

"का?"

त्यांनी शेलचा एक नखाएवढा तुकडा ओंजळीत घेऊन त्यावर दोन थेंब टाकले. बघता बघता तो फुगला, पापुद्रे सुटले आणि चिखल झाला. "याले पाणी चालत नाई. याचा फोटो कोरडाच घ्या." मी फवारा त्यांच्याकडे दिला आणि परत मागितला नाही.

दुपारी त्यांच्या डब्यातला भात, लाखोळीची डाळ आणि वाळलेल्या झिंग्यांची चटणी. मी भाकरीवर वाढलेली. "भातानं पोट भरतं का हो?" मी विचारलं. "तुमच्या भाकरीनं भरते का?" त्यांनी विचारलं. दोघींनाही उत्तर पटलं नसतं, म्हणून आम्ही झिंग्यांवर लक्ष दिलं.

चार वाजता शेवटची पेटी झाली. मी श्वास रोखून बटण दाबलं आणि प्रोग्रॅम ओळी कापून जोडू लागला. माती, मुरूम, वाळूखडक, शेल, कोळसा, एकाखाली एक उतरत गेले. स्क्रीनवर ते पाहताना मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू. पेट्यांचे मूळ फोटो फार जड होते, म्हणून नुसती जोडलेली पट्टी नागपूरच्या साहेबांना पाठवून दिली. ते भूशास्त्रज्ञ, भोकाचा शेवटचा निर्णय त्यांचा. सोबत लिहिलं, 'कशी वाटली?' आणि तीन हसरे चेहरे.

मार्कंडा, रविवार

रविवारी शेड बंद. पंचशीलाबाई विहारात जाणार होत्या. सलीमभाऊ म्हणाले, "इतक्या लांब आल्या, मार्कंडा तं पाहून घ्या," आणि सकाळीच त्यांची जीप दारात उभी.

मूलच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाचं जंगल लागलं, मग तलाव, मग कापणी झालेली धानाची शेतं. मध्येच एक गाडी भोंग्यावरून नाटकाची जाहिरात करत गेली. नायक, नायिका, खलनायक, सगळ्यांचे आवाज एकाच माणसानं काढलेले. मी खिडकीतून अर्धी बाहेर. वैनगंगेच्या काठावर मार्कंड्याची देवळं दिसली तेव्हा मी गाडी थांबायच्या आतच दार उघडलं आणि सलीमभाऊंनी मला पहिल्यांदा रागावून पाहिलं.

भिंतीभर मूर्ती. नाचणाऱ्या, वाजवणाऱ्या, आरशात पाहणाऱ्या. मी चेहरे बघत होते. सलीमभाऊ त्यांच्यामधला सपाट दगड बघत होते. त्यांनी त्यावर तळवा ठेवला. "रेती हाये ही. वाळूखडक. बारीक दाण्याचा, चांगला. असा दगड वर आला का नळी गाणं म्हणते." मग म्हणाले, "ज्यानं हे कोरलं त्याले दगड कळत होता."

जेवायला नदीकाठी बसलो. त्यांच्या घरून पोळ्या, वांगं-बटाटा आणि अंबाडीची चटणी आली होती. "देवस्थानाकडे चाललो म्हणून घरी सांगितलं, साधंच दे," ते म्हणाले. मी तिसरी पोळी घेत होते तेव्हा फोन वाजला. नागपूरचे साहेब.

त्यांना हसरे चेहरे दिसले नसावेत. ते म्हणाले, कोळशाचा जो थर भोक पाडतानाच्या नोंदीत सलग एक आहे, तो पट्टीत तुटलेला दिसतोय. कोळसा, मध्ये वाळूखडक, खाली पुन्हा कोळसा. असंच आणखी चार ठिकाणी. म्हणजे टोळीनं कोअर उलटसुलट भरला. भोक पुन्हा पाडावं लागेल, आणि या टोळीला पुढच्या कॅम्पला पाठवायचं नाही. मंगळवारी तसं पत्र निघेल.

मी फोन ठेवला. सलीमभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणून सांगावं लागलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"मी भरलेली पेटी उलटी नाई, म्याडम."

"पण भाऊ, पट्टीत दिसतंय ना. माणसाकडून होतं कधी. मशीन काही चुकत नाही."

हे वाक्य मी बोलले. आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

"अठ्ठावीस सालं झाली," ते म्हणाले. "आजपर्यंत माझी पेटी कोणी वापस नाई केली. कोअर उलटा भरला असं एकदा नाव लागलं ना, मंग त्या माणसाले कोणी मशीनवर उभं नाई करत. माझ्यासंगं पाच पोट्टे हायेत. त्यांच्यावर बी तोच शिक्का." त्यांनी डबा बंद केला. परतीच्या वाटेवर मी खिडकीतून बाहेर पाहिलं असेल तर मला आठवत नाही.

पुन्हा शेड, सोमवार

सकाळी मी शेडमध्ये पोचले तेव्हा पंचशीलाबाई झाडून घेत होत्या. बातमी त्यांना टोळीकडून कळली होती. मी लॅपटॉपवर पट्टी उघडली आणि तुटलेल्या थरापाशी जाऊन थांबले. त्या झाडू टेकवून माझ्या खांद्यावरून पाहू लागल्या.

"हे कोणती पेटी हाये?"

"चौदावी."

"नाई जी. चौदावी मले पाठ हाये. हे चौदावी नोहे."

"बाई, तुमच्यासमोरच तर फोटो काढला."

"फोटो काढला. पण हा दगड असा नाई." त्यांनी चौदावी पेटी ओढली आणि माझ्या पायाशी उघडली. पाच ओळी. दुसऱ्या ओळीत डावीकडे कोळसा, उजवीकडे वाळूखडक. तिसऱ्या ओळीत डावीकडे कोळसा. मी बोटानं दाखवलं. ही दुसरी ओळ, आधी कोळसा, मग वाळूखडक, मग खालच्या ओळीत पुन्हा कोळसा. पट्टीत तेच आलंय.

"दुसरी ओळ तुमी इकडून काऊन वाचली?"

"डावीकडून. डावीकडूनच वाचतात ना सगळं."

"पुस्तक वाचतेत. पेटी नाई."

त्या उकिडव्या बसल्या. दुसऱ्या ओळीचा अगदी डावीकडचा तुकडा उचलला, त्याच्या खालचा तिसऱ्या ओळीचा डावीकडचा तुकडा उचलला, आणि दोघांची तुटलेली तोंडं एकमेकांना लावली. फट राहिली नाही. केस जाईल एवढीसुद्धा नाही. "तुटीले तूट लागली पायजे," त्या म्हणाल्या. "पहिली ओळ इकडून तिकडं जाते. दुसरी तिकडूनच वापस येते. नांगर धुऱ्याले, बांधाले लागला का तिथूनच वळते ना? का रिकामा वापस येऊन पुन्हा या टोकापासून सुरू करते?"

मी पंधरावी पेटी उघडली, सोळावी उघडली. सगळीकडे तसंच. नागमोडी. पाच ओळी असल्यामुळे पेटी वर डावीकडे सुरू होऊन खाली उजवीकडेच संपत होती, पुस्तकासारखीच, म्हणून पेटीवर लिहिलेले सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे तपासूनही मला शंका आली नव्हती. ओळींच्या मध्ये खोलीचे आकडे लिहिलेले लाकडी ठोकळे होते, सलीमभाऊंच्या हातचे, ठसठशीत. ते वाचले असते तरी कळलं असतं. मी शनिवारी त्यांचे फोटो काढले होते आणि वाचला एकही नव्हता.

मी सलीमभाऊंना फोन केला. ते आले, पण जाळीपाशीच उभे राहिले. मी सरळ सांगितलं, "चूक माझी आहे, भाऊ. मशीनचीही नाही. मशीनला मीच तसं वाचायला सांगितलं."

"पेटी दुसरी कशी वाचतेत?" त्यांनी विचारलं. ते खरोखर विचारत होते. अठ्ठावीस वर्षांत पेटी कुणी वेगळी वाचेल हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. काल नदीकाठी म्हणूनच ते काही समजावू शकले नाहीत.

"दर ओळ डावीकडून."

ते आत आले आणि पेटीच्या टोकाशी बसून दाखवू लागले. "नळी रिकामी करतानी मी इथी बसतो. ओळ भरली का शेवटचा तुकडा माझ्या हाताशी. पुढचा त्याच्याच बाजूले ठेवतो. तूट जुळली नाई तं तिथीच समजते का मधात काही गेलं. उस्तादनं असंच शिकवलं. त्या टोकाले जाऊन सुरू केलं तं चोरी झाली तरी मालूम नाई पडणार." म्हणजे जी पद्धत चूक ओळखायला होती, तिचीच चूक मी काढली होती.

दुरुस्ती किती मोठी होती? प्रोग्रॅममधल्या दोन ओळींची. पेटीतली एक ओळ सोडून पुढची उलटी वाच, एवढंच प्रोग्रॅमला सांगायचं. घाईत ते दोन वेळा चुकलं. तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि आम्ही तिघं स्क्रीनवर वाकलो. पट्टी पुन्हा उतरू लागली. चौदाव्या पेटीपाशी कोळसा सुरू झाला आणि सुरूच राहिला, सलग, काळाभोर, मध्ये एक रेघ नाही. बाकीचे चारही थर जुळले. मग ठोकळ्यांवरचे आकडे एकेक करून तपासले; पंचशीलाबाई पेट्यांपाशी बसून ओरडून सांगत, मी पट्टीवर पडताळत असे. एकही चुकला नाही. मी पंचशीलाबाईंना मिठी मारली आणि त्यांच्या हातांवरची कोळशाची भुकटी माझ्या पाठीला लागली.

नागपूरला फोन लावला. या खेपेला मूळ फोटोही पाठवले, अर्धी सकाळ लागली तरी. साहेबांनी ते पाहिले आणि विचारलं, "म्हणजे टोळीचा काही दोष नाही?"

"नाही सर. दोष माझा. लेखी देते."

"द्या. पत्र थांबवतो. टोळी जाऊ दे कॅम्पला."

मी ते निवेदन तिथेच, पेटीवर लॅपटॉप ठेवून लिहिलं. सलीमभाऊंना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "ते पट्टी पुन्हा दाखवता का? वरून."

मी स्टूल दिलं. त्यांनी बोटानं पट्टी सरकवायला सुरुवात केली, अगदी हळू. भोक पाडणाऱ्या माणसानं भोक कधी पाहिलेलं नसतं. तो नळीभर तुकडे बघतो, पेटीत भरतो, पुढची नळी टाकतो. सलीमभाऊ गवताखालच्या मातीपासून निघाले. एका जागी म्हणाले, "इथी दोन दिवस नळी फसली होती." एका जागी नुसतेच हसले. तळाशी पोचायला त्यांना चहा दोनदा गार झाला एवढा वेळ लागला.

पट्टीच्या खाली एक चौकट आहे, तिच्यात भोकाचा क्रमांक, ठिकाण आणि 'छायाचित्र' म्हणून माझं नाव असतं. ते नाव त्यांनी बोट ठेवून वाचलं. मलाच तिथे बसवेना. मी चौकटीत एक रकाना वाढवला, 'भोक कोणी पाडलं', आणि म्हणाले, "तुमचं पूर्ण नाव सांगा, भाऊ."

"एकट्याचं कसं टाकता? भोक एकट्यानं होते का?" ते ताठ बसले आणि सहा नावं सांगितली, सगळ्यात शेवटी स्वतःचं. मी चाळीस अक्षरांची जागा ठेवली होती; ती दोनदा वाढवावी लागली. नावं लिहून झाली आणि मी बटण दाबणार, एवढ्यात पाठीमागून पंचशीलाबाई म्हणाल्या, "माह्यं बी टाका. पूर्ण नाव टाका."